मीठ एकदाच टाकणे

चैत्र उतरणीला लागला की आमच्या धुळ्यात दुपारचे रस्ते ओस पडतात आणि गच्च्या भरतात. खाटा वर जातात, जुनी धोतरं वर जातात, आणि त्यांच्यावर कुरडया, पापड, ज्वारीचे बिबडे पसरतात. परवा वरच्या मजल्यावरच्या ताईंनी दार वाजवलं. म्हणाल्या, "मॅडम, गच्चीवर बिबड्या टाकेल शेतस, जरा ध्यान ठेवज्यात. मी बजारमा जाईसन येस." मी हो म्हणाले आणि वर गेले. ऊन असं, की चपलेतूनही पाय भाजत होते. ओल्या धोतरावर ओळीनं गोल गोल बिबडे टाकलेले, कडा नुकत्या पांढुरक्या व्हायला लागलेल्या. लसूण, तीळ आणि शिजलेल्या ज्वारीचा तो आंबूस, गरम वास आला आणि माझी मान आपोआप खाली गेली.

एके काळी या वासानं तोंडाला पाणी सुटायचं. आता लाज वाटते. कुणासमोर बसून सांगायची हिंमत होत नाही, म्हणून लिहून पाहते आहे.

बिबडे मी शिकले अक्काकडे. अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. तिचे यजमान दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी सहावीत असताना माझी आई गेली, तेव्हा अक्का आमच्या घरी आली, तेराव्यापर्यंत राहिली आणि जाताना माझी कपड्यांची पिशवी स्वतःच भरून मला कॉलनीत घेऊन गेली. बारावीपर्यंत मी तिच्याकडे होते. "हे तुझंच घर आहे" असं ती मला कधी म्हणाली नाही. तसं म्हणावं लागावं अशी वेळच तिनं येऊ दिली नाही.

परीक्षा संपली की तीन दिवस ज्वारी पाण्यात भिजायची. मग ती धुवायची, वाळवायची, दळून आणायची. ज्या दिवशी बिबडे, त्या दिवशी अक्का उजाडायच्या आधी अंगणातली चूल पेटवायची. कपाशीच्या काड्या तडतडायच्या. चुलीवर पितळेचं मोठं तपेलं, त्यात लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, जिरं, मीठ घातलेलं पाणी. पाण्याला उकळी आली की भिजवलेलं पीठ आत सोडायचं आणि लाकडी चाटूनं हाटत राहायचं. घाटा दाटत आला की त्यातून बुडबुडे फुटायचे आणि टपकन हातावर उडायचे. अक्काच्या मनगटांवर त्या चटक्यांचे डाग असायचे, सगळा उन्हाळाभर. आम्हा कॉलनीतल्या पोरींना ती वाटीत गरम घाटा काढून द्यायची, वर कच्चं तेल. मग पाण्यात हात बुडवून धोतरावर बिबडे थापायचे. तिचा प्रत्येक बिबडा सारखा, जसा काही वाटीनं मोजून घातलेला. माझे वाकडेतिकडे. ती म्हणायची, "होऊ दे वं. पोटात गेल्यावर गोलच होते."

यजमान गेल्यावर तिनं कॉलनी सोडली आणि रावेरच्या अलीकडे सासरच्या गावी दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. मागच्या दारातून केळीचे मळे दिसतात, त्यांच्या पलीकडे सातपुड्याची निळी रेघ. सकाळी केळी भरायला ट्रक येतात, गल्लीभर केळीच्या सुकल्या पानांचा वास असतो. मी लग्न होऊन धुळ्याला आले, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, ऋचा झाली. तरी दर मे महिन्यात शाळा संपली की मी आणि ऋचा चार दिवस अक्काकडे. धुळ्याहून जळगाव, जळगावहून भुसावळ, तिथून रावेरची बस. माझे यजमान दिलीप कधी सोबत असायचे, कधी नसायचे. त्या चार दिवसांत वर्षाचे बिबडे व्हायचे.

तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. बिबडे वाळले, आम्ही धुळ्याला आलो, पहिल्यांदा तळले आणि तोंडात घालवेनात. खारट ढोण. दिलीप म्हणाले, "अक्कांनी समुद्रच ओतलाय." आम्ही पोट धरून हसलो. मी लगेच फोन लावला. "अक्का, मीठ दोनदा टाकलं तू!" ती म्हणाली, "असं कसं झालं वं?" तिच्या आवाजात जे होतं ते मी ऐकलं, पण त्याला नाव देण्याइतका वेळ माझ्यापाशी नव्हता. मी म्हणाले, "म्हातारी झालीस आता." आणि पुन्हा हसले.

त्या पावसाळ्यापासून तिचे फोन वाढले. दर रविवारी यायचा तो एक दिवसाआड यायला लागला. "ऋचाचं कॉलेज किती वाजता सुटते?" मी सांगायची, साडेपाच. ती इकडचं तिकडचं बोलायची आणि पुन्हा, "ऋचाचं कॉलेज किती वाजता सुटते वं?" एकदा मी गंमत म्हणून फोन स्पीकरवर टाकला. ऋचा आणि दिलीप समोर बसलेले. अक्कानं प्रश्न विचारला की ऋचा एक बोट वर करायची. दुसऱ्यांदा विचारला की दुसरं. चार बोटं झाली तेव्हा दिलीपनी तोंडावर उशी दाबून धरली आणि मला हसू आवरेना, तर मी खोकल्याचं नाटक केलं. "काय झालं वं? खोकला झाला का?" अक्का काळजीनं म्हणाली. "हळद घालून दूध घे." हा खेळ आम्ही बरेच महिने खेळलो. घरात पाहुणे आले की त्यांनाही सांगायचो.

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारच्याच्या वहीत बघणारं मूल मला दोन दिवसांत कळतं. पालकांना बोलावून सांगते, डोळे तपासून घ्या, त्याच्यावर रागावू नका, तो आळशी नाही. ज्याला पाढा पाठ होत नाही त्याला मी दहा वेळा न चिडता सांगते, आणि त्याबद्दल माझं कौतुकही होतं. जिनं मला वाढवलं तिच्यासाठी ही नजर, हा धीर माझ्याकडे नव्हता. असं नाही की मला दिसत नव्हतं. दिसत होतं, आणि मी ते गमतीत काढत होते. गमतीत काढलं की त्याचं पुढे काही करावं लागत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर फेब्रुवारीवरच थांबलेलं होतं. दुधाचं भांडं तळाशी कोळसा झालेलं, ते तिनं मोरीत बादलीमागे लपवलं होतं. फडताळात साखरेच्या सहा न फोडलेल्या पुड्या आणि चहापत्ती अजिबात नाही. बिबड्यांच्या दिवशी शेजारच्या सुनंदावहिनी आणि गल्लीतल्या आणखी तिघी मदतीला आल्या होत्या. चुलीवर पाणी उकळत होतं. अक्का पिठाचं भांडं हातात घेऊन उभी राहिली. आधी वाटण टाकायचं का आधी पीठ, हे तिला आठवत नव्हतं. चाळीस वर्षं जे हात न बघता करत होते, ते त्या हातांना आठवत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय करायला हवं होतं? उठून तिच्या हातावर हात ठेवायला हवा होता. मी सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "अक्का, किती वेळा सांगायचं? काय चाललंय तुझं? उन्हं वर आली." तिनं भांडं खाली ठेवलं. "तूच कर वं माय," म्हणाली आणि आत जाऊन बसली. त्या वर्षी सगळा घाटा मी हाटला. मला माझ्या कष्टांचं कौतुक वाटत होतं.

धुळ्याला येऊन दहाएक दिवस झाले असतील. दुपारी फोन आला.

"कुंदे, माझं तपेलं नेलं का तू?"

"कुठलं तपेलं?"

"घाट्याचं. पितळेचं. तूच नेलं. तुह्याबिगर घरात कोनी आलंच नही."

मला आधी कळेचना. मग अंग गरम झालं. "अक्का, मी चोर आहे का?"

"मंग कोठी गेलं?" ती रडायला लागली. "माझ्या सासूचं होतं ते. मागितलं असतं तर दिलं नसतं का मी?"

मी फोन ठेवला. चार दिवसांनी भुसावळहून माझ्या चुलत वहिनीचा फोन आला. अक्कानं गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं, की कुंदानं माझं तपेलं नेलं. वहिनीनं ते सहज सांगितल्यासारखं सांगितलं, पण ती ते चवीनं सांगते आहे हे मला कळलं. मी रात्री जेवले नाही. पंधरा-वीस वर्षं मी त्या बाईसाठी सुट्ट्या घातल्या, बस बदलत तिकडे गेले, आणि बदल्यात हे? दिलीप म्हणाले, "वय झालंय, सोडून दे." मी म्हणाले, "वय झालं म्हणून कुणालाही चोर म्हणायचं का?" दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. मी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा. मग मी ऋचाला म्हणाले, "हा नंबर ब्लॉक कसा करतात ते दाखव." ऋचानं विचारलं, "नक्की ना, आई?" मी म्हणाले, "हो." एवढंच. दोनदा बोट टेकवायचं काम.

एक वर्ष. दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीला मी तिच्याकडे फराळ पाठवायची तो पाठवला नाही. थंडीत तिच्याकडून भरिताची हिरवी वांगी यायची, रावेरकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती, ती आली नाहीत, तर मी मनात म्हणाले, बघ, तिलाही काही वाटत नाही. संक्रांतीला तिळगूळ वाटताना मनात येऊन गेलं, की माफी मागायला ती स्वतः येईल. मी वाक्यं तयार ठेवली होती. ती आली की हे म्हणायचं, ती रडली की ते म्हणायचं, मग थोडं ताणून मग माफ करायचं. आंघोळ करताना, वह्या तपासताना मी ती वाक्यं घोळवायची. इतकी सुंदर वाक्यं मी आयुष्यात कधी जुळवली नसतील.

मागच्या वर्षी, शाळेचा शेवटचा आठवडा चालू असताना शाळेच्या फोनवर सुनंदावहिनींचा फोन आला. त्यांचे यजमान केळीच्या पॅकिंगचं काम करतात. गल्लीत अक्काचं काही हवं-नको तेच बघतात.

"कुंदाताई, तुम्ही या आता," त्या म्हणाल्या. "अक्का आज रावेरच्या स्टँडवर बसेल होत्या. सकायपासून. आमच्या घरच्यांनी पाह्यलं म्हनून बरं. हातात पिशवी. कंडक्टरले म्हने, दीपनगरच्या कॉलनीत जायाचं, मालकाची ड्युटी सुटली असंन, सैपाक राह्यला."

तिच्या मालकांना जाऊन सतरा वर्षं झाली होती.

मी आणि ऋचा दुसऱ्या दिवशी निघालो. भुसावळपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. शेतांतून वाफा निघत होत्या, सावद्यापुढे केळीची रोपं झापांत गुंडाळल्यासारखी उभी होती. मला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर अक्कासाठी नाही. अक्कानं मला दारात उभं करून, गल्लीसमोर, तपेल्याचं विचारलं तर काय, ही भीती होती.

अक्का ओट्यावर बसली होती. अर्धी झाली होती. लुगड्याच्या निऱ्या उलट्या बाजूनं खोचलेल्या. तिनं मला पाहिलं आणि तोंडभर हसली.

"आली का वं? किती दिस झाले! कोठी होती तू?"

मी तिथंच उभी राहिले. तिनं माझा हात धरून शेजारी बसवलं. "माले वाटलं, पोरीच्या परीक्षा असतीन. मंग वाटलं, तुहीच तब्येत बरी नसंन. फोनच लागे ना तुहा." मग आवाज खाली करून, सुनंदावहिनींना ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं, "माझं काही चुकलं का वं? मी काही बोलली का तुले?"

तिला काहीही आठवत नव्हतं. तपेलं नाही, रडणं नाही, चोर म्हटलेलं नाही. जी गोष्ट मी वर्षभर जिवापाड जपली, ती तिच्या लेखी घडलीच नव्हती. तिच्या लेखी एवढंच घडलं होतं, की कुंदा यायची ती यायची बंद झाली, आणि का, ते कुणी सांगत नव्हतं.

"नाही गं," मी म्हणाले. "काम होतं."

सुनंदावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सहज बोलत्या झाल्या. "रोज फोन लावायच्या. माझ्याकडे यायच्या, म्हनायच्या, तूच लावून दे वं, माझ्या हातून लागत नही. मी त्यांच्याच मोबाईलवरून लावून द्यायची, तरी लागायचा नही. म्हटलं, तुमचा नंबर बदलला असंन. काल त्या असं वागल्या म्हनून माझ्या पोरीकडून तुमच्या शाळेचा नंबर शोधला, तवा तुम्ही सापडल्या." मी मोबाईल पर्समधून काढला, मागच्या दारी गेले, केळीच्या मळ्याकडे तोंड केलं आणि अक्काचा नंबर मोकळा केला. ऋचा माझ्या मागे येऊन उभी होती. तिनं मला कसं करायचं ते सांगितलं नाही. मला आता ते येत होतं.

चहा करायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि फडताळाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं होतं. तिचं अक्षर गोल, मोठं, सातवी शिकलेल्या बाईचं. काही ओळी पुसट झाल्या होत्या, काहींवर तिनं पुन्हा पुन्हा गिरवलं होतं.

गॅस बंद करणे.

दूध ठेवले की तिथेच उभे राहणे.

मीठ एकदाच टाकणे.

आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत जास्त गिरवलेलं:

कुंदाला तेच तेच विचारू नये.

म्हणजे तिला ऐकू जात होतं. तो खोकला, ती उशी, ते हसणं, सगळं पलीकडे पोचत होतं. तिला आपलं काहीतरी निसटत चाललं आहे हे आमच्या आधी कळलं होतं, आणि ती ते एकटी, फडताळाच्या दाराआड, खडूनं थोपवत होती. कुणाला सांगणार? सांगायची ती मला. आणि मी हसत होते. ऋचानं माझ्या खांद्यावरून ते वाचलं. ती बावीस वर्षांची मुलगी हमसून हमसून रडली आणि मला म्हणाली, "आई, मी बोटं मोजायची गं." मी तिला म्हणाले नाही, की तू लहान होतीस. ती लहान नव्हती. आणि खेळ मी सुरू केला होता.

तिला धुळ्याला आणायचं ठरलं. सामान आवरताना गव्हाची कोठी रिकामी करत होतो. सुनंदावहिनी होत्या, गल्लीतल्या दोघी होत्या. तळाशी माझा हात धातूला लागला. गहू उपसले. पितळेचं तपेलं. तिनंच सांभाळून ठेवलं होतं, कुणी नेऊ नये म्हणून.

त्या क्षणी मी जे केलं ते मला विसरता येत नाही. मला आनंद झाला. खडूचं ते वाचून दोन तास झाले नव्हते, तरी मला आनंद झाला. मी ते तपेलं दोन्ही हातांनी वर उचललं आणि मोठ्यांदा म्हणाले, "वहिनी, बघा! हे बघा, सापडलं! इथेच होतं!" गल्लीला ऐकू जाईल असं. मी चोर नव्हते, हे पाहायला साक्षीदार हवे होते मला. वहिनींनी नजर वळवली. अक्का दारात उभी होती. तिनं टाळी वाजवली, लहान पोरीसारखी.

"सापडलं ना? मी म्हनत होती ना, कुंदा आली की तीच शोधून देईन."

मी आणि दिलीपनी तिला जळगावला डॉक्टरांकडे नेलं. तरुण होते, शांत होते. त्यांनी अक्काला विचारलं, आज वार कोणता? अक्का हसली. "तुमी एवढे शिकेल, तुमाले माहीत नही का?" महिना कोणता, तर म्हणाली, "उन्हायाचा." घड्याळ काढायला सांगितलं तर तिनं सुरेख गोल काढला, तिच्या बिबड्यासारखाच, आणि सगळे आकडे एका कुशीत कोंबले. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हिले विचारा. ही मास्तरीन हाय." डॉक्टर मला म्हणाले, की लक्षणं स्मृतिभ्रंशाची वाटतात, पण लगेच शिक्का मारायला नको, रक्ताच्या तपासण्या करू, डोक्याचा स्कॅन करू, कधी कधी थायरॉइड किंवा जीवनसत्त्वाची कमतरताही असं करते आणि त्यावर उपाय असतो. "वस्तू चोरीला गेल्या असं म्हणतात का?" त्यांनी विचारलं. "बऱ्याचदा जवळच्याच माणसावर संशय घेतात. जे जास्त करतं, त्याच्यावरच. तो आजार असतो." दिलीपनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"हे केव्हापासून जाणवतंय तुम्हाला?"

"पाच-सहा महिने झाले असतील," मी म्हणाले.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर मला कळलं, की मी खोटं बोलले, आणि तेही अशा ठिकाणी, जिथे त्या खोट्याची किंमत अक्का देणार. दोन वर्षं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मग इतके दिवस काय केलं? आठ दिवसांनी रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा मी आधी तेच सांगितलं. "डॉक्टर, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. दोन वर्षांपासून आहे. मीठ दोनदा टाकलं तेव्हापासून. मला दिसत होतं." त्यांनी कागदावर दुरुस्ती केली. "बहुतेक घरांत असंच होतं, ताई," ते म्हणाले. चांगल्या मनानं म्हणाले. पण बहुतेक घरांत मी नव्हते, या घरात होते.

तपासण्यांत दुसरं काही निघालं नाही. जे वाटत होतं तेच निघालं. गोळ्या आहेत. त्यांनी उतरणीचा वेग थोडा कमी होईल, रस्ता बदलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता अक्का आमच्याकडे आहे. सकाळी मी शाळेत गेले की एक बाई तिच्याजवळ थांबते. चांगले दिवस असतात. कधी कधी ती मला माझ्या आईच्या नावानं हाक मारते, आणि मी ओ देते. ऋचा नोकरीला पुण्याला आहे, रोज फोन करते. अक्का तिला विचारते, "कॉलेज किती वाजता सुटते?" ऋचा सांगते, साडेपाच. पुन्हा विचारते, पुन्हा सांगते. मी समोर बसलेली असते आणि कुणाचंही बोट वर होत नाही.

लोक मला म्हणतात, किती करता तुम्ही आत्याचं. शाळेत एका कार्यक्रमात कुणीतरी तसं बोललंही, टाळ्या पडल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं. चूक कबूल करायची, तर जिच्या बाबतीत केली तिला ती आठवायला हवी. अक्कानं मला माफ केलेलं नाही. तिच्या लेखी माफ करण्यासारखं काही उरलेलंच नाही, आणि त्यामुळे ते सगळंच्या सगळं माझ्याकडेच राहिलं आहे.

परवा गच्चीवरून खाली आले तेव्हा ती उठून बसली होती. मी तेल घेऊन तिच्या मागे बसले. तिचे केस आता मुठीत मावतील एवढेच राहिलेत. तेल लावताना ती म्हणाली, "काही सांग ना वं. गप काहून बसली?"

आणि मी सांगायला लागले. मी म्हणाले, एक बाई होती. मी असं म्हणायला जीभ वळेना. एक बाई होती, तिची आई लहानपणी गेली, तिला तिच्या आत्यानं वाढवलं. अक्का हुंकार देत होती. मी सगळं सांगितलं. मीठ सांगितलं, स्पीकरवरचा फोन सांगितला, बोटं सांगितली, घाट्याच्या दिवशी चारचौघींत ओरडले ते सांगितलं. तपेलं सांगितलं. फोन बंद करून टाकला ते सांगितलं, आणि वर्षभर म्हातारी रोज फोन लावत राहिली तेही. माझे हात तिच्या केसांत तसेच थांबले होते. समोर बसून मला हे कधी सांगता आलं नसतं.

तिचा हुंकार थांबला होता. मला वाटलं, डुलकी लागली.

"चोर म्हटलं तर वाईट वाटलंच असंन तिले," ती हळूच म्हणाली.

"हो."

"पन म्हातारीले समजत नसंन वं. मुद्दाम नसंन म्हटलं तिनं."

"हो, अक्का. तिला समजत नव्हतं."

ती मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती, कुणा तिऱ्हाइताच्या घरची गोष्ट ऐकून वाटावी तशी.

"मंग? गेली का ती मंग, का अजून नही गेली?"

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"जा म्हना तिले," अक्का म्हणाली. "लाज कशाची त्यात? घरचीच म्हातारी हाय. वाट पाहत असंन बिचारी."

"सांगते," मी म्हणाले.